कुंड्या बदलून देणारी घरपोच सेवा: रोपे चांगली, लावणी घाईची

गेल्या मे महिन्यात इंदूरमधील एका रोपवाटिकेची, घरी येऊन कुंड्या बदलून देण्याची सेवा मी घेतली. रामबागेतील आमच्या गच्चीवरचे दोन मोगरे, जास्वंद आणि कढीलिंब जुन्या कुंड्यांत मावेनासे झाले होते आणि अनंताचे एक नवे रोप त्यांच्याकडूनच घेतले होते. माती, कुंड्या आणि मजुरी यांचा दर एकत्रित होता व तो मला वाजवी वाटला. रोपे निवडून देणाऱ्या गृहस्थांची जाणकारीही पहिल्या दोन वाक्यांतच कळत होती.

तक्रार आहे ती लावणीबद्दल. सकाळी आठला येणारा माळी साडेअकराला आला आणि इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याने पाऊण तासात सगळे काम उरकले. रोप हलवताना मुळांच्या टोकांजवळचे, पाणी शोषणारे केसासारखे तंतू तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत राहतात. म्हणूनच हे काम ऊन उतरल्यावर करायचे असते. तिसऱ्या दिवशी पाचही रोपांनी माना टाकल्या. फोन केला, तर एकच उत्तर मिळाले, ‘‘पाणी वाढवा, ताई.’’

मी दोन दिवस ते ऐकले, ही माझी चूक. मोगरे दुपारी मलूल होत आणि दिवेलागणीला पुन्हा ताठ होत, म्हणजे त्यांना हिरव्या जाळीच्या सावलीपलीकडे काही नको होते. जास्वंदीची पाने मात्र पहाटेही लोंबलेली असत आणि दोन पेरे बोट घातले तरी माती चिकट, ओली लागे. शेवटी कुंडी आडवी करून रोप बाहेर काढले, तेव्हा डबक्यासारखा वास आला. पाणी निघून जाण्याच्या भोकावर बाकदार खापर उपडी ठेवण्याऐवजी फरशीचा सपाट तुकडा ठेवला होता आणि तो झाकणासारखा घट्ट बसला होता. मुळांना हवाच मिळत नव्हती. काळी, मऊ पडलेली मुळे कापली, खापर नीट ठेवली आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी दिले नाही.

अनंताचे दुखणे नेमके उलटे होते. पिशवीतून आलेला चिकणमातीचा गोळा तसाच कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, भुसभुशीत मिश्रणात बसवला होता. त्यामुळे घातलेले पाणी कडेने निघून जाई आणि गोळा आतून विटेसारखा कोरडा राही. रोप कुंडीसकट बादलीत बुडवले. बुडबुडे थांबायला जवळजवळ अर्धा तास लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाने सावरली.

कढीलिंब गेला. त्याच्या मातीतले शेणखत अर्धवट कुजलेले होते, मुठीत धरले तर कोमट लागत होते. अशा खताची ऊब आणि क्षार जखमी मुळांना सोसत नाहीत. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. त्या शहरात कच्चे खत पदरी पडावे, याचे मला खतापेक्षा अधिक वाईट वाटले.

तक्रार केल्यावर आठ दिवसांत नवा कढीलिंब मोफत मिळाला, हे नमूद केले पाहिजे. रोपे मी पुन्हा तेथूनच घेईन. लावणीसाठी मात्र संध्याकाळी पाचनंतरची वेळ पावतीवर लिहून घेईन, खत मुठीत धरून पाहीन आणि माती भरण्यापूर्वी प्रत्येक कुंडीच्या भोकातून पाणी वाहते की नाही, हे माळ्यासमोरच तपासून घेईन.