सात महिने क्यू-बँक वापरून एफएमजीई दिली, त्याचा अनुभव

एफएमजीई म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांना भारतात प्रॅक्टिस करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. पहिल्या अटेम्प्टला मला ३०० पैकी १३८ पडले. पास व्हायला १५० लागतात. त्या वेळी सगळा भर व्हिडिओ लेक्चर्सवर होता. प्रश्नांना हात लावला तो शेवटच्या महिन्यात, तेही मागच्या वर्षांचेच. दुसऱ्या खेपेला उलटं केलं. आधी प्रश्न, अडलं तरच लेक्चर. या वेळी १७१ आले. मधले सात महिने जी क्यू-बँक (सरावाच्या प्रश्नांचं ॲप) वापरली तिचं नाव देत नाही, कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि मैत्रिणींच्या वेगवेगळ्या ॲप्सबद्दलही साधारण तशाच ऐकल्या आहेत.

पहिला दीड महिना मी वाया घालवला, हे आधीच सांगते. रोज शंभर-सव्वाशे प्रश्न, पर्याय दाबला की लगेच हिरवं किंवा लाल, हिरवं आलं की पुढे. पहिल्या फेरीत बासष्ट टक्के. तेच मॉड्यूल पुन्हा सोडवलं तर चौऱ्याऐंशी! घरी फोन करून सांगितलंसुद्धा. मग ग्रँड टेस्ट (सगळ्या विषयांची सराव परीक्षा) दिली आणि गाडी पन्नाशीवर अडकली. प्रश्न माझ्या ओळखीचे झाले होते, विषय नाही. काही प्रश्नांची पहिली ओळ वाचली की बोट आपोआप तिसऱ्या पर्यायावर जायचं, आणि का, ते मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून एक दोनशे पानी वही केली. चुकलेला प्रश्न उतरवायचा नाही, फक्त चूक कशामुळे झाली ते एका ओळीत लिहायचं. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की विचारलं एक आणि उत्तर दिलं दुसऱ्याचं? मला वाटायचं पहिला प्रकार जास्त निघेल. निघाला तिसरा.

एक उदाहरण देते. चार आठवड्यांचं बाळ, दूध पाजलं की लांबवर उडणारी उलटी, उलटीत पित्त नाही, पोटात ऑलिव्हच्या आकाराची गाठ हाताला लागते. पायलोरिक स्टेनोसिस, म्हणजे जठराचं तोंड अरुंद होणं, हे दुसऱ्या ओळीलाच कळलं. पर्यायांत पायलोरोमायोटॉमी (त्यावरचं ऑपरेशन) दिसली, दाबली. लाल. प्रश्न होता, सर्वात आधी काय कराल? उत्तर होतं, शिरेतून सलाइन देऊन पाणी आणि क्षार भरून काढणं. सतत उलट्या होऊन क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलेलं असतं, अल्कलोसिस झालेला असतो, म्हणजे रक्तातली आम्लता घटलेली असते. त्याच अवस्थेत भूल दिली तर ऑपरेशननंतर श्वास थांबण्याचा धोका. ऑपरेशन हाच इलाज, पण ते तातडीचं नाही. एक्सप्लनेशनमध्ये पुढे हेही होतं की हीच उलटी हिरवी असती तर आतड्याला पीळ पडल्याचा संशय घ्यायचा आणि मग मात्र घाई करायची. माझ्या लेखी पैसे वसूल झाले ते अशा एक्सप्लनेशनमुळे. चुकीचा पर्याय कुठल्या पेशंटला बरोबर ठरला असता, हे जिथे लिहिलंय तिथे एका प्रश्नात तीन प्रश्नांचा अभ्यास होतो. सगळीकडे लिहिलेलं नाही. नेत्र आणि ईएनटीला उत्तम, बायोकेमिस्ट्रीत नुसता एक तक्ता चिकटवून हात झटकलेत.

दुसरी गोष्ट गुणांच्या वाटणीची. ॲनाटॉमी १७ गुणांना, पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक) ३० ला, स्त्रीरोग-प्रसूती ३० ला. ॲपमध्ये मात्र ॲनाटॉमीचे प्रश्न पीएसएमपेक्षा जास्त. ॲपच्या क्रमाने गेले आणि ब्रेकियल प्लेक्ससमध्ये (हाताच्या नसांच्या जाळ्यात) तीन आठवडे घुटमळले. मॉड्यूलचा क्रम तुमचा तुम्ही ठरवा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे जुनी उत्तरं. टीबीच्या एका प्रश्नात अजून आठवड्यातून तीनदा औषधं हेच बरोबर धरलंय. रोजचा डोस देशभर २०१७ मध्येच सुरू झाला आणि राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये आरएनटीसीपीचं एनटीईपी झालं. गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांचीच मर्यादा. २०२१ च्या दुरुस्तीत ठरावीक गटांसाठी ती २४ झाली, त्याचा पत्ता नाही. फॉरेन्सिक तर विचारूच नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि ॲप अजून आयपीसी ३२० विचारतंय. नुसता कलमाचा आकडा बदलला असता तर चाललं असतं. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदनांचे वीस दिवस होते, नव्या कलम ११६ मध्ये पंधरा आहेत. म्हणजे ॲपवर विश्वास ठेवून पाठ केलं तर हातचा गुण जाणार. कायदा आणि राष्ट्रीय कार्यक्रम, या दोन बाबतीत मी शेवटी प्रत्येक उत्तर बाहेरून पडताळलं.

दुसरी तक्रार ग्रँड टेस्टची. बहुतेक टेस्ट नीट पीजीच्या (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) साच्यातल्या, म्हणजे दोनशे प्रश्न आणि चुकलं की गुण वजा. एफएमजीईत दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी दीडशे मिनिटं, आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीच. त्या टेस्ट देऊन देऊन मला शंका आली की प्रश्न सोडायची सवय लागली होती. ती मोडायला शेवटच्या महिन्यात दर रविवारी स्वतःच तीनशे प्रश्नांची कस्टम टेस्ट लावली, मध्ये जेवणाची सुट्टी धरून, आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही असा नियम केला. दुसऱ्या भागातल्या शेवटच्या चाळीस प्रश्नांना डोकं कसं चालेनासं होतं, ते पहिल्याच रविवारी कळलं. माझ्या बऱ्याच 'विचारलं एक' छाप चुका तिथेच व्हायच्या. मग त्या चाळीसांत मी पेशंटची हकिगत नंतर आणि प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायला लागले.

बाकी ॲप बरं चालतं. ऑफलाइन मोड आहे, चित्रं मोठी करून बघता येतात, सर्च मात्र रद्दी.

घ्यावं का? पहिल्यांदा सगळा अभ्यासक्रम एकदा तरी डोळ्यांखालून गेला असेल तर घ्या. कोरी पाटी घेऊन नुसते प्रश्न सोडवायला बसलात तर पहिल्याच आठवड्यात कंटाळाल. आणि वर्षभराचं घेण्याआधी फुकटच्या मॉड्यूलमध्ये पीएसएमचे दहा प्रश्न उघडून उत्तरं कुठल्या सालची आहेत ते बघा. आयपीसी ३२० चा तो प्रश्न मी चारदा रिपोर्ट केला. चारही वेळा 'आमची टीम तपासत आहे' असा मेसेज आला. काल रात्री परत उघडून पाहिला, वीस दिवसच आहेत.