कोलकाता की दिल्ली? नागपूरच्या गोल्फवाल्याचा पेच

नागपूर स्टेशनावरून एक गाडी हावड्याला, दुसरी दिल्लीला. दोन्हीकडचे गोल्फ क्लब खासगी, त्यामुळे ओळखीचा सभासद आधी गाठायचा. (संत्र्यांची पेटी नेली तर बिघडत नाही!)

कोलकात्याचा रॉयल कलकत्ता 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. मैदान सपाट, म्हणून पहिल्यांदा वाटतं, यात काय एवढं? मग तळी दिसू लागतात. माझा चेंडू खळग्याभोवतीच्या हिरवळीच्या अलीकडे टप्पा घेऊन सावकाश घरंगळत गेला आणि डुबुक! बगळा हललासुद्धा नाही. इथे ताकदीपेक्षा अंतराचा अंदाज लागतो, आणि चूक कळते ती चेंडू बुडाल्यावर.

दिल्ली गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे लोधी कोर्स, तिरसट. अरुंद फेअरवे (चेंडू मारत न्यायचा कापलेल्या गवताचा पट्टा), दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. चेंडू आत शिरला की गेला. बहुतेक टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) पिशवीतच बरा. मध्येच जुने मकबरे, मोर. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर याने हा कोर्स नव्याने आखला.

देखणी दिल्लीच. पण सुट्टी एकच असेल तर मी हावड्याचं तिकीट काढेन. त्या तळ्याशी माझा हिशेब बाकी आहे.