थेट सरपंच की सदस्यांतून निवडलेला?

महाराष्ट्रात 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड, म्हणजे गावाने मत देऊन, आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. राज्यातलं सरकार बदललं की ही पद्धतही बदलते, म्हणून आपण कोणत्या बाजूचे हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. प्रश्न फक्त गावापुरता आहे. पंचायत समितीचे सभापती आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सदस्यांतूनच निवडायचे, हे 73 व्या घटनादुरुस्तीने पक्कं केलंय. गावपातळीचं तेवढं राज्यावर सोडलंय. मी दोन्ही पद्धतींत सदस्य राहिलोय.

सदस्यांतून निवडलेल्या सरपंचाच्या पाठीशी बहुमत असतंच, त्यामुळे मासिक सभेत ठराव अडत नाहीत. तो शेफारला तर सदस्य खाली खेचतात, हा धाक चांगलाच. बहुमत काठावरचं असलं की अविश्वासाच्या आधी सदस्य 'सहली'ला जातात, फोन बंद. तेही एकवेळ चाललं असतं. मला वैताग आला तो सरपंचपदाच्या सव्वा-सव्वा वर्षाच्या वाटणीचा. मुदत भरली की राजीनामा, मग नवी निवड, मग बँकेत सह्यांचे नमुने बदला, वित्त आयोगाच्या निधीसाठी नव्या सरपंचाची डिजिटल सही काढा. तोवर पैसे खात्यात पडून आणि पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल थकलेलं. लाइन तोडायला वायरमन दारात उभा, जुने सरपंच म्हणतात माझी सही आता चालत नाही, नवे म्हणतात माझी अजून चालू झालेली नाही. ग्रामसेवक बिचारा एकटा सही करून काय करणार! सगळं रुळेपर्यंत पुढच्याचा नंबर लागलेला.

थेट सरपंचामागे हे झंगट नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, नंतरही तीन-चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. अर्थात मनमानी करणारा निघाला तर हेच कवच गावाला जड जातं. तुमच्याकडे एकाच घराण्याचा दबदबा असेल तर माझं फार मनावर घेऊ नका. दुसरी कटकट म्हणजे सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं. आमच्याकडे गटाराचा ठराव नुसता श्रेयावरून तहकूब होत राहिला. शेवटी ग्रामसभेत लोकांनी विरोध करणाऱ्यांना नावं घेऊन जाब विचारला, तेव्हा कुठे मंजूर झाला.

तरी मला विचाराल तर थेटच. फक्त मत देताना सरपंच एका पॅनेलचा आणि वॉर्डातले सदस्य दुसऱ्याचे, अशी खिचडी शक्यतो करू नका.