चार दिवस वीस रुपयांसाठी घासाघीस केली आणि चार मिनिटांत दहा हजार नेले, जुनी नाणी ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे वाचाच

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. जे झालं ते सगळं लिहितोय, लांब होईल, पण घरातली जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं असलं काही विकत असाल तर शेवटपर्यंत वाचा. कारण मला ज्या गोष्टीमुळे विश्वास बसला ती गोष्ट तुम्हालाही चांगलीच वाटणार आहे.

आधी नाणी कुठून आली ते सांगतो. माझ्या चुलत्यांचं साखर पेठेत किराणा दुकान होतं. ३० जून २०११ ला चाराणे आणि त्याच्या खालची सगळी नाणी चलनातून गेली, त्याआधी बँकेत बदलून मिळत होती, पण काकांनी गल्ल्यातली चिल्लर बदललीच नाही, लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्यांत भरून माळ्यावर ठेवली. काका गेले, दुकान बंद झालं, मग काकू म्हणाल्या तुला नेटवरचं कळतं तर बघ कुणी घेतंय का, आलेच चार पैसे तर माझ्या औषधाला होतील. म्हणजे पैसे काकूंचे, हे लक्षात ठेवा, मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

मी आणि माझी पोरगी, सहावीला आहे, दोघांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत सगळी नाणी पाटावर ओतून वेगळी केली. सहा कोनाचं ॲल्युमिनियमचं तीन पैसे, १९६४ ला आलेलं, इतकं हलकं की हातावर ठेवलेलं कळत नाही. कमळाचं पितळी वीस पैसे १९६८ नंतरचं. गेंड्याचे चाराणे तर ढीगभर, ते १९८८ पासूनचे. यातलं दुर्मिळ असं काही नाही हं, घराघरात सापडतात, म्हणून मी भाव पण साधाच लावला, साठ नाणी आणि एक रुपयाच्या दहा जुन्या नोटा मिळून १४०० रुपये. पोरीनं वहीच्या पानावर यादी लिहिली, वर्ष, किंमत, किती नग, तो फोटो पण टाकला.

आता घासाघीस म्हणाल तर ती होणारच, आणि मला ती आवडते पण. मंगळवार बाजारात भाजी घ्या नाहीतर चादर घ्या, आपल्याकडं पहिल्या भावाला कुणी हो म्हणत नाही. काका नेहमी म्हणायचे की जो भाव पाडून मागतो ना तोच खरं गिऱ्हाईक, फुकट बघायला आलेला भाव करत नाही. दुकानात हे शंभर टक्के खरं होतं. मी पण तेच डोक्यात ठेवून होतो. काहीजण "लास्ट किती" एवढंच लिहून गायब व्हायचे, एकानं सगळ्याचे २०० देतो म्हणलं. पंढरपूरचे एक रिटायर्ड गुरुजी होते त्यांना फक्त तीन पैसे हवे होते, मी म्हणलं सुट्टं देत नाही, तर ते म्हणाले बरं, सवडीनं बघू.

मग हा माणूस आला. नाव काही का असेना, खरं नसणारच. पुण्याचा म्हणाला. पहिल्या दिवशी ९०० म्हणाला, मी नाही म्हणलं. दुसऱ्या दिवशी जवळून फोटो मागितले, वर्षाच्या खालची खूण दिसली पाहिजे म्हणला. मला खूण म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यानंच सांगितलं. वर्षाच्या खाली बारीक हिऱ्याची खूण असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, टिंब असलं तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. वर हे पण सांगितलं की नोएडाची टांकसाळ १९८८ ची आहे म्हणून टिंब गेंड्याच्या चाराण्यावर सापडेल, तीन पैशावर सापडायचं नाही. मी आणि पोरगी रात्री भिंग घेऊन बसलो आणि खरंच तसंच निघालं. पोरगी इतकी खूश झाली, प्रत्येक नाणं उलटं करून चांदणी चांदणी म्हणून ओरडत होती. ही माहिती खरी आहे, मी नंतरही पडताळून बघितली. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलतो असं नाही, अभ्यास करून येतात हे लोक.

तिसऱ्या दिवशी १०५० वर आला, मी १२०० म्हणलं. मग दोन नाणी घासलेली आहेत म्हणून कमी करा, मग नोटेला घडी आहे म्हणून कमी करा, शेवटी ११५० वर तुटलं. त्यानंतर पोस्टेजवरून पुन्हा सुरू. आता १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय, तर मी म्हणलं स्पीड पोस्ट तुमच्याकडं, तो म्हणाला तुमच्याकडं. वीस रुपये इकडं तिकडं करण्यासाठी चौथा अख्खा दिवस गेला. मी वैतागलो होतो पण मनात एकदासुद्धा शंका आली नाही, उलट पक्कं वाटलं की वीस रुपयांसाठी एवढा जीव काढणारा माणूस चोर कसा असेल.

आता मुख्य प्रसंग. पाचव्या दिवशी दुपारी पावणेदोन, मी कारखान्यात जेवायला बसलो होतो, मागांचा खडखडाट चालू, डबा उघडून भाकरी मोडली तेवढ्यात त्याचा फोन, दादा पैसे टाकले बघा. त्यानं आदल्या दिवशी युपीआय नको, अकाउंटलाच टाकतो म्हणून माझा खाते नंबर आणि आयएफएससी घेतला होता. मेसेज आला होता, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर माझे, आणि पुढं ११,५०० रुपये जमा. मी सांगायच्या आत तोच ओरडला, अहो दादा एक शून्य जास्त पडलं की हो, ११५० चे ११,५०० गेले. आवाज एकदम रडवेला. पोरीची फी आहे ती, आज शेवटची तारीख आहे, कॉलेजच्या खिडकीला उभा आहे, पाच मिनिटांत बंद करतील.

मी म्हणलं थांबा, घरी जाऊन बघून पाठवतो. तर म्हणाला दादा हात जोडतो, फोन ठेवू नका. आणि मग मी म्हणलं बरं, पोस्टेजचे साठ कापून घेतो आणि बाकी पाठवतो, तर त्याही वेळेला तो भांडला! म्हणाला पोस्टेज तुमच्याकडं ठरलंय ना, १०,३५० बरोबर पाठवा. माझी उरलीसुरली शंका तिथं गेली. एवढ्या घाईत, एवढ्या रडण्यात जो साठ रुपयांसाठी भांडतोय तो खराच माणूस असणार. मी त्यानं दिलेल्या नंबरवर युपीआयनं १०,३५० पाठवले. स्क्रीनवर नाव तिसऱ्याच बाईचं आलं, मी विचारलं, मिसेसचं अकाउंट आहे म्हणाला. पिन टाकला, हिरवी टिक आली, फोन कट. चार मिनिटं पण झाली नसतील.

साडेतीनला चहाच्या वेळेला मोबाईल बघितला तेव्हा दोन मेसेज एकाखाली एक दिसले. एक खरा बँकेचा, वर बँकेच्या नावाची अक्षरं, आत १०,३५० वजा आणि शिल्लक ६,८७०. दुसरा तो जमा झाल्याचा, आणि त्याच्या वर बँकेचं नावच नाही, साधा दहा आकडी मोबाईल नंबर. कुणीही आपल्या फोनवरून टाईप करून पाठवावा तसला मेसेज. सकाळी खात्यात १७,२२० होते, म्हणजे ११,५०० कधी आलेच नव्हते. हातपाय गार पडले. शेजारच्या टेबलवरच्या मॅडमनी विचारलं बीपी वाढलंय का.

त्याच मॅडमनी १९३० ला फोन लावून दिला. हा नंबर पाठ करून ठेवा, सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढं जायच्या आत अडवायला बघतात, म्हणून जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. मी दोन तास घालवले होते. ट्रान्झॅक्शनचा नंबर, वेळ, रक्कम सगळं विचारलं, तक्रार क्रमांक दिला. संध्याकाळी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले आणि दुसऱ्या दिवशी शहर सायबर पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला. २,८०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवलेत असं कळलं, ते अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे निघून गेले. माझ्या पगाराला ही रक्कम लहान नाही.

नंतर खूप विचार केला की कळायला काय हरकत होती. मेसेजचा नंबर बघायचा, खातं उघडून शिल्लक बघायची, तिसऱ्याच्या नावावर पैसे पाठवायचे नाहीत, हे सगळे सांगतात आणि बरोबरच आहे. चुकून पैसे आलेच असतील तर ते आपण परस्पर परत करायचे नसतात, पाठवणाऱ्याला म्हणायचं तुझ्या बँकेत अर्ज कर, माझी बँक बघेल. आणि क्यूआर स्कॅन करून किंवा पिन टाकून पैसे कधीही येत नाहीत, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पण मला वाटतं माझ्या केसमध्ये मोठी खूण वेगळीच होती. भाव ठरवायला या माणसाकडं चार दिवस होते आणि शिल्लक बघायला मला चार मिनिटं द्यायला तयार नव्हता. खरं गिऱ्हाईक उलटं असतं, भावाला चिकट असेल पण पैसे दिल्यावर तुम्ही दहा वेळा मोजा, त्याला काही वाटत नाही. घासाघीस इथं भाव कमी करायला नव्हतीच, माझा भरवसा मिळवायला होती.

अजून एक राहिलं. हे झाल्यावर दहा दिवसांनी दुसरा फोन आला, तुमच्याकडं गेंड्याचे चाराणे आहेत ना, दीड लाखाला घेणारी पार्टी आहे, फक्त रिझर्व्ह बँकेची परवानगी आणि टॅक्सचे २,१५० आधी भरा. त्या वेळेला मी शहाणा झालो होतो म्हणून वाचलो. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ लाच जाहीर केलंय की जुनी नाणी नोटा विकायला आम्ही असलं कमिशन किंवा टॅक्स घेत नाही आणि कुणाला आमच्या नावानं घ्यायला सांगितलेलंही नाही. ढीगभर सापडणाऱ्या चाराण्याला दीड लाख कोण देईल हो, पण घरात आजारपण असलं, कर्ज असलं की माणूस नाही म्हणताना अडखळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मुद्दाम सांगा, त्यांच्याकडंच ही नाणी असतात.

काकूंना मी आठ दिवस सांगितलं नव्हतं. ११५० आपल्या खिशातून द्यावेत आणि विकली गेली म्हणावं असं पण मनात आलं, पण राहवलं नाही, जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग विचारलं, नाणी तर आहेत ना रे? म्हणलं आहेत, पार्सल पोस्टात टाकायच्या आधीच कळलं. हो म्हणाल्या आणि आत जाऊन चहा टाकला.

गेल्या रविवारी ते पंढरपूरचे गुरुजी एसटीनं सोलापूरला आले होते, दर्शनाला आलोय, जमलं तर दाखवा म्हणाले. मी काकूंच्या घरीच बोलावलं. दीड तास बसले, प्रत्येक तीन पैसे खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, एक १९६९ चं फारच घासलंय म्हणून बाजूला ठेवलं आणि भाव असा केला की मला घामच फुटला, शेवटी २२ नाण्यांचे ४६० ठरले. पैसे फोनवरून पाठवले. मी म्हणलं गुरुजी राग मानू नका, जरा खातं उघडून बघतो, रेंज नाही, वेळ लागेल. ते म्हणाले बघा की सावकाश, आणि काकूंकडं अजून अर्धा कप चहा मागितला.