गुलमर्गला भाड्यानं घेतलेलं स्कीचं सामान: बूट पाच स्टार, जॅकेट दोन

दुकानाचं नाव घालत नाही, गुलमर्गात तसली दुकानं एका रांगेत आहेत आणि बोर्ड बघून काही कळत नाही, त्यापेक्षा आत गेल्यावर काय तपासायचं ते सांगतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच उपयोगी पडेल. गेलो होतो मी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांचा कॉलेजातला पोरगा. चौघांनीही त्याआधी बर्फ बघितलेला तो फ्रीजमधलाच.

बेळगावकरांचा घोटाळा असा की आपल्याकडं डिसेंबरात पारा १३-१४ वर आला की आपण कानटोपी काढतो आणि तोच हिशोब वाढवून बॅग भरतो, म्हणजे दोनाच्या जागी चार स्वेटर. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, जानेवारी-फेब्रुवारीत रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, हे सगळं खरंय. पण स्की करताना सुरुवातीला थंडी वाजतच नाही, पडतोय, उठतोय, स्की खांद्यावर घेऊन चढ चढतोय, त्यात घाम निघतो नुसता. आणि मग रांगेत जरा थांबलं की तोच घाम अंगावर गार पडतो. त्यामुळं आत कॉटनचा बनियन नकोच, कॉटन घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही. आत अंगाला चिकटून बसणारं पॉलिस्टरचं नाहीतर मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर एक फ्लीस, म्हणजे मऊ, हलकं, उबदार जाकीट, आणि वर पाणी-वारा अडवणारं जॅकेट, बस्स. घरात विणलेला जाड स्वेटर हॉटेलात घाला, स्लोपवर नको, पडलात की लोकरीला बर्फ चिकटतो आणि आत वितळतो.

आता भाड्याचं. पहिलं भाडं टंगमर्गलाच लागतं. तिथनं वर गुलमर्गपर्यंत १३ किलोमीटरचा घाट आहे, बर्फ जास्त असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते, आणि तिथं ड्रायव्हर गाडी थांबवतो ती बरोबर कोट आणि गमबूट भाड्यानं देणाऱ्या दुकानापुढं. ते लांब फरवाले कोट बर्फात उभं राहून फोटो काढायला ठीक आहेत, स्कीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. स्कीच करायची असेल तर तिथं नको म्हणा आणि गाडीत बसून रहा, ड्रायव्हर जरा तोंड वाकडं करतोय, करू दे.

वर स्कीच्या दुकानात मात्र बूट देणारा चाचा होता त्याला माझ्याकडनं पूर्ण मार्क. मी चपलेचा नंबर सांगितला तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही, पाय पट्टीवर ठेवायला लावला आणि सेंटिमीटरमध्ये माप घेतलं, स्कीच्या बुटाचा नंबर सेंटिमीटरचाच असतो. मग बुटाच्या आतलं मऊ अस्तर उपसून काढलं, नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात माझा पाय घालून बोटं पुढं टेकवायला सांगितली, आणि टाचेमागं आपली दोन बोटं घालून बघितली. एवढी जागा असली की साइज बरोबर. अस्तर परत घालून, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागं बसवून मग बकल लावले. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढं टेकतोय आणि गुडघे वाकवले की मागं सरकतोय, असं व्हायला पाहिजे. घट्ट वाटतो, नवख्या माणसाला वाटतं की एक नंबर मोठा घ्यावा, चाचानं सरळ नाही म्हटलं. ढिल्या बुटात पाय आत फिरतो, स्की ऐकत नाही आणि नडगी सोलून निघते.

वहिनींच्या पायात दोन-दोन मोजे होते, आत्यांनी बजावून पाठवलेलं. चाचानं एक जोड काढायला लावला. दोन मोज्यांत चुण्या पडतात, फोड येतात, आणि पाय आवळला की रक्त खेळत नाही म्हणून उलट जास्त गार पडतो. एकच मोजा, पातळसर, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा. थर्मलच्या पायजम्याची कडसुद्धा बुटाच्या आत जाता कामा नये, ती वर ओढून ठेवायची, नाहीतर शिवण दिवसभर नडगीत रुतून बसते. मग बाइंडिंग. बूट स्कीला अडकतो तो भाग, पडल्यावर तो सुटला पाहिजे नाहीतर गुडघा जातो, आणि किती जोरावर सुटायचा ते वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी बघून स्क्रूनं सेट करतात, पुढं छोट्या खिडकीत आकडा दिसतो. म्हणून तिथं वजन खरं सांगायचं. मामेभाऊ वहिनींच्या देखत दहा किलो कमी सांगायला लागलेला, चाचा हसला आणि त्याला काट्यावर उभं केलं. स्की स्वतः हनुवटीपर्यंत येईल एवढी दिली, नवशिक्याला तेवढी पुरते, लांब स्की वळवता येत नाही.

जॅकेट-पँटला दोन स्टार, तेसुद्धा पँटमुळं. पँट खांद्यावर पट्टे असलेली होती, ती बरी, पडल्यावर कंबरेतनं बर्फ आत जात नाही. जॅकेट आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामानं आतनं ओलं होतं, वास तर विचारूच नका, आणि चेन गळ्याशी येऊन अडकायची. बदलून मागितलं तर दुसऱ्याच्या बाहीचं इलॅस्टिक गेलेलं. भाड्याचं जॅकेट घेताना चेन दोनदा खालीवर करा, बाहीचं टोक बघा, आतनं कमरेला इलॅस्टिकचा पट्टा आहे का बघा आणि हात घालून ओल तपासा. पोराच्या जॅकेटवर त्यानं बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, दुकानदार चिडला, खरं पाणी आत मुरलं हे सगळ्यांनी बघितलं आणि दुसरं मिळालं. हातमोजे त्यांच्याकडनं घेऊच नका, सगळे ओले.

म्हणून माझं मत असं की अंगाला लागतं ते घरनं न्यायचं आणि जड ते भाड्यानं. थर्मल, मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल आणि मानेला बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडाची नळी, एवढंच विकत. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, जॅकेट-पँट तिथंच. बेळगावात थर्मल गणपत गल्ली, खडेबाजारात मिळून जातात, लेबलवर किती टक्के कॉटन लिहिलंय तेवढं वाचा, बरेचसे कॉटनचेच निघतात. मोटरसायकलचे हातमोजे चालतील का असं बरेच जण विचारतात, वारा अडतो पण बर्फात भिजतात, नको. मफलर तर अजिबातच नको, दोरीला धरून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टवर त्याचं टोक अडकलं तर काय होईल विचार करा. आणि माकडटोपी हेल्मेटच्या आत बसत नाही, पातळ टोपी न्या, वहिनींची लोकरीची टोपी दिवसभर बॅगेतच राहिली.

गॉगल म्हणजे गोव्याच्या बीचवरचा नव्हे, डोळ्याला कडेनं बंद करणारा. आतनं धुकं धरलं तर बोटानं पुसू नका, आतल्या काचेचं कोटिंग जातं, काढून हवेत जरा धरा. ढगाळ दिवशी काळी काच घातली की पुढचा खड्डा दिसत नाही, पिवळट-गुलाबी काच असेल तर बरं. सनस्क्रीन हसण्यावारी नेऊ नका, दर १००० मीटर उंचीला युव्ही, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे किरण, साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, त्यामुळं ऊन खालनंसुद्धा लागतंय. नाकाच्या खाली, हनुवटीखाली, ओठाला लावा. पोरगा नको म्हणाला आणि परत बेळगावात आल्यावर अनगोळात सगळ्यांनी विचारलं की नाक भाजलं कशानं.

शिकवणारा घ्याच. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून ब्रेक मारायचा, त्याला तिथं सगळे पिझ्झाच म्हणतात, आणि वजन पुढं, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. घाबरून मागं रेललात की स्की पळतेच. पडायचं तर कडेला. उठताना स्की उताराला आडव्या करून मग उठा, नाहीतर उठेपर्यंत परत घसरताय. गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. त्याचा दुसरा टप्पा अजून वर अफरवट डोंगरावर जातो, तिथं बघायला जा, स्की घेऊन नको, तो उतार शिकाऊंचा नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत त्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला.

बाकी किरकोळ. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही, पोस्टपेड एक तरी ग्रुपमध्ये पाहिजे. ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग धरलंय का ते एजंटला विचारून लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसीत नसतं. ज्यांना नीट कोर्सच करायचाय त्यांनी गुलमर्गची सरकारी संस्था नाहीतर मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था बघावी, ती सोलंगला शिकवते, सामानही त्यांचंच असतं. आणि दुकानात सकाळी उघडल्या उघडल्या जा, २६-२७ चे बूट आधी संपतात, मग उरलेल्यातलेच गळ्यात मारतात.