बिघडलेला ईसीयू: दुरुस्त करावा, जुना बसवावा की नवा घ्यावा?

ईसीयू म्हणजे गाडीचे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक. ‘ईसीयू गेला आहे’ असे गॅरेजमध्ये सांगितले गेल्यावर पर्यायांची तुलना करण्यापूर्वी हे निदान कशावरून केले, ते विचारावे. बॅटरीचा व्होल्टेज कमी असणे, इंजिनाची अर्थिंग गंजणे किंवा मुख्य रिले खराब होणे यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात. अनेक सेन्सरांना ईसीयू एका सामाईक ५ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज पुरवतो. त्यांतला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर ती वाहिनीच बसते आणि गॅरेजच्या स्कॅनरवर तीन-चार सेन्सरांचे दोष-कोड एकदम झळकतात. असा सेन्सर सुटा करताच बाकीचे ठीक होतात, आणि दोष मात्र ईसीयूच्या माथी मारला गेलेला असतो.

ईसीयू खरोखर बिघडला असेल, तर त्यात काय बिघडले यावर दुरुस्तीचे मोल ठरते. इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळणे, जुन्या कपॅसिटरमधून द्रव झिरपणे, उष्णतेने सोल्डरच्या जोडांना तडे जाणे, हे बिघाड कुशल कारागिराच्या आवाक्यातले आहेत. अशा दुरुस्तीत मूळ मेमरी शाबूत राहते, म्हणजे इमोबिलायझरची (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) ओळख आणि गाडीचा क्रमांक आहे तसाच राहून किल्ल्या नव्याने जुळवाव्या लागत नाहीत. माझ्या मते दुरुस्तीचा सर्वांत मोठा लाभ हाच. याउलट पाणी शिरून बोर्डाचे आतले थर कुजले असतील, प्रोसेसरच गेला असेल किंवा सिरॅमिक पट्टीवर केसासारख्या तारांनी जोडलेले सर्किट जेलमध्ये बुडवलेले असेल, तर दुरुस्ती फार काळ टिकेल याचा भरवसा धरू नये. ‘सगळे सोल्डर पुन्हा तापवले’ एवढेच सांगणाऱ्याने बिघाड शोधलेला नाही, असे समजावे.

भंगारातल्या गाडीचा ईसीयू स्वस्त वाटतो. मात्र केवळ खोका सारखा दिसून भागत नाही. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे क्रमांकही जुळावे लागतात. इमोबिलायझर असलेली गाडी परका ईसीयू सहसा स्वीकारत नाही, त्यामुळे गाडीच्या मूळ, बिघडलेल्या ईसीयूमधला डेटा त्यात उतरवावा लागतो. त्यासाठी मूळ मेमरी वाचता आली पाहिजे, म्हणून बिघडलेला ईसीयू ‘आता काय उपयोग’ म्हणून टाकून देऊ नये.

नवा ईसीयू हा महाग, पण सर्वांत निर्धोक मार्ग आहे. त्यालाही गाडीशी जुळवून घ्यावे लागते आणि जुन्या मॉडेलांसाठी तो मिळेलच असे नाही.

तिन्ही मार्गांना एक अट समान आहे. शॉर्ट झालेल्या कॉइलने ट्रान्झिस्टर जाळला असेल आणि ती कॉइल तशीच राहिली, तर दुरुस्त केलेला काय किंवा कोरा काय, ईसीयू पुन्हा जळू शकतो. जंप स्टार्ट देताना तारा उलट लागल्या होत्या का, बॅटरी न काढता गाडीवर वेल्डिंग झाले होते का, हेही आठवून कारागिराला सांगावे.

बिघाड बाहेरच्या भागामुळे झाला असून तो भाग सापडला असेल आणि बोर्ड कोरडा असेल, तर मी आधी दुरुस्तीच निवडेन. कोणता घटक बदलला आणि टेबलावर चाचणी कशी घेतली, हे लेखी मागावे, आणि काम सुरू होण्यापूर्वीच मेमरीची प्रत काढून ठेवायला सांगावे. दुरुस्ती फसली तरी त्या प्रतीमुळे दुसरा ईसीयू बसवण्याची वाट खुली राहते.