फियाट ११००: डायनॅमो ठेवायचा की अल्टरनेटर?

बडोद्यात कुणी जुनी फियाट ११०० उभी करायला घेतली की हा वाद हमखास निघतो. दोन्हींचं काम एकच, इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणं. पण ओरिजिनल डायनॅमो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) जवळपास चार्जच करत नाही, म्हणजे नवरात्रात रात्री दांडिया बाजारच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट लावून अडकलात की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो आणि बॅटरी उतरत जाते. अल्टरनेटर कमी आरपीएमलाही बऱ्यापैकी करंट देतो, रोज चालवायची असेल तर तोच घाला.

पण २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला झाला तशा कॉन्कूरला (जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला) न्यायची असेल तर डायनॅमोच पाहिजे, बॉनेट उघडल्यावर तो लांबुळका सिलिंडर दिसला की काय भारी वाटतं! कार्बन ब्रश बदला, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करा, कटआउट (डायनॅमो चार्ज करत नसेल तेव्हा त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) तपासून घ्या, मस्त चालतो. मी तर डायनॅमोच ठेवणार, आणि तुम्ही काढलात तरी भंगारात देऊ नका प्लीज.